उलटी फिरलेली चकती

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर शहापूर लागते. त्याच रस्त्याने पुढे नागपूर जिल्ह्यातील मौदा येते आणि तेथील २,३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. शहापूरच्या एखाद्या छतावर तीन किलोवॉटची सौर पॅनेल बसली, की ते छत आणि त्या चिमण्या एकाच जाळ्याला वीज पुरवू लागतात. छतावरची वीज जाळ्यात सोडण्याचा घरमालकाचा हक्क मात्र अगदी अलीकडचा आहे. त्याआधी मीटर उलटा फिरणे हा सरळ सरळ चोरीचा पुरावा मानला जाई.

वीज विकायची तर मोजायची कशी, हा प्रश्न आरंभापासूनचा. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून एडिसनने वीज पुरवण्यास सुरुवात केली. त्याच्या रासायनिक मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या असत. कंपनीचा माणूस त्या काढून नेई, तराजूत तोली आणि जस्त किती सरकले यावरून बिल ठरे. पुढे १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याने प्रत्यावर्ती विजेच्या मीटरचे पेटंट घेतले. आपल्या आजीआजोबांच्या ओसरीवर काचेआड संथ फिरणारी ॲल्युमिनियमची चकती ही त्याच घराण्यातली.

या चकतीचा एक गुण कोणी फारसा विचारात घेतला नव्हता. वीज घरात आली की ती सुलट फिरते. वीज घरातून बाहेर गेली, तर उलट. पण घरातून वीज बाहेर जाणार कोठून?

ते प्रथम घडले अमेरिकेत. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथे १९७८ चा कायदा आला आणि छोट्या उत्पादकांची वीज घेणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. १९७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन स्ट्राँग यांनी इमारतींवर सौर पॅनेल बसवली, तेव्हा दुपारी मीटर चक्क मागे सरकू लागला. १९८३ मध्ये मिनेसोटा राज्याने या व्यवहाराला कायद्याचे रूप दिले. ‘नेट मीटरिंग’ म्हणतात ते हेच.

महाराष्ट्रात तेव्हा विजेचा प्रवाह एकाच दिशेचा होता. १९४८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेले वीज मंडळ १९६० पासून विजेचा मुख्य विक्रेता, आणि घर म्हणजे केवळ गिऱ्हाईक. विदर्भाचा कोळसा जाळायचा आणि वीज पश्चिमेकडे धाडायची, हा राज्याचा शिरस्ता. त्याचे ठळक प्रतीक म्हणजे १९९९ च्या सुमारास सुरू झालेली चंद्रपूर–पडघे ही उच्चदाब एकदिश वाहिनी: सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब, १,५०० मेगावॉट क्षमतेची. पडघे भिवंडी तालुक्यात. त्याला लागूनचा तालुका म्हणजे ठाण्याचे शहापूर! नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्र दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन सोसत होता, तेव्हा कोळशाच्या दाराशी असलेली विदर्भातील खेडीही अंधारातच होती.

त्याच काळात चकती गेली आणि इलेक्ट्रॉनिक मीटर आले. चकती उलटी फिरवणे ही वीजचोरांची जुनी युक्ती होती. म्हणून नव्या मीटरांपैकी अनेकांची रचनाच अशी, की वीज कोणत्याही दिशेने वाहिली तरी आकडा पुढेच जावा. अशा मीटरवर परवानगीविना पॅनेल जोडणाऱ्याला स्वतः दिलेल्या विजेचेही बिल यायचे. संशय असा यंत्रातच कोरलेला होता.

२००३ च्या वीज कायद्यानंतर २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण जन्मास आले, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे विनियम काढले. मीटरला आता दोन हिशेब आले: घेतलेले युनिट आणि दिलेले युनिट.

लोक याला ‘वीज विकणे’ म्हणतात. खरे तर हे हातउसने आहे. शेजारणीला दुपारी पायलीभर तांदूळ दिले, रात्री तिच्याकडून पायलीभर परत आणले; मधल्या काळात भाव काय झाला याची चौकशी नाही. शिल्लक पुढच्या महिन्यात जाते. पैशाचा प्रश्न येतो तो आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटांपुरता, आणि तोही आयोगाने ठरवलेल्या दराने. स्थिर आकार तर चुकत नाहीच.

वीज कंपन्यांचे दुखणे नेमके येथे आहे. दुपारी वीज मुबलक व स्वस्त, सायंकाळी दुर्मीळ व महाग. मग मापास माप का? हा युक्तिवाद अगदी निराधार नाही. परंतु ज्याने वीस-पंचवीस वर्षांच्या हिशेबाने छतावर पैसा घातला, त्याच्यासाठी मध्येच माप बदलणे हा विश्वासघात ठरतो. २०१९ च्या मसुद्यात नेट मीटरिंग दरमहा ३०० युनिटांपर्यंतच्या ग्राहकांपुरते राखण्याचा विचार होता. हरकतींनंतर अंतिम विनियमांतून ती मर्यादा गेली. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये ही सोय १० किलोवॉटवर अडवली आणि जून २०२१ मध्ये ५०० किलोवॉटपर्यंत वाढवली. २०२४ मध्ये ‘सूर्यघर’ योजनेने तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदान दिले. लगेच २०२५ च्या आरंभी, दुपारची शिल्लक दुपारच्याच वापरातून वळती करावी, असा प्रस्ताव महावितरणच्या दरयाचिकेत आला आणि वाद पुन्हा पेटला.

या वादात आता मोटारही उतरली आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात २०० विद्युत वाहनांचा प्रकल्प मोठ्या समारंभाने सुरू झाला. वर्ष सरण्याच्या आत टॅक्सीचालक चार्जिंगच्या रांगांना कंटाळले. कित्येकांना पुन्हा डिझेल बरे वाटू लागले. नागपूरच्या उन्हाने चार्जिंगचा वेळ आणखी वाढे. (उष्णता अति झाली तर पॅनेलचीही वीज घटते, विदर्भाच्या मे महिन्यातही हेच घडते.)

घरच्या छताने हा प्रश्न अर्धाच सुटतो. स्वच्छ उन्हात तीन किलोवॉटचे छत दिवसाला सुमारे १२ युनिट देते. ४० युनिटांची बॅटरी भरायला त्याची तीन दिवसांहून अधिक कमाई लागते. शिवाय ऊन असते तेव्हा मोटार भंडाऱ्याला वा नागपूरला कामावर, आणि ती दारात येते दिवेलागणीला.

यावर १९९७ मध्येच डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन लेटेंड्रे यांनी वेगळी कल्पना मांडली होती: उभ्या मोटारीच्या बॅटरीतून वीज जाळ्याला परत द्यावी. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर, २०१२ मध्ये, जपानात निसानने लीफ मोटारीवर घर चालवण्याची सोय विक्रीस आणली. म्हणजे चाकांवरची कणगीच. शहापुरात मात्र ही कणगी अजून एकाच तोंडाची आहे. दुपारी छताने दिलेली वीज शेजारच्या पंख्यात खर्ची पडते, आणि रात्री मोटारीत भरली जाणारी वीज बहुतांशी कोळशाची असते; बिलावर मात्र दोन्ही युनिट एकमेकांतून वजा होतात.