अलास्काची सडक आणि जनरलची भीती

कॅनडातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत जाणारा अलास्का हायवे आज जोडप्यांच्या सहलीचा रस्ता झाला आहे. निवृत्त नवरा-बायको, नुकतं लग्न झालेली पोरं, सगळे घरच गाडीवर लादून निघतात. साधारण २,२०० किलोमीटरची वाट. तासन् तास नुसतं जंगल, मध्येच रस्ता अडवून उभे असलेले बायसन. कोणत्या मैलावर काय आहे ते सांगणारं 'द माइलपोस्ट' हे पुस्तक १९४९ पासून निघतं. एक जण गाडी चालवतो, दुसरा ते मांडीवर घेऊन वाचत बसतो.

हा रस्ता मात्र सहलीसाठी बांधलेला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेला अलास्काची काळजी लागली, कारण तिथे जायला जमिनीवरून वाटच नव्हती. १९४२ च्या मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत, जेमतेम आठ महिन्यांत, दहा हजारांहून अधिक सैनिकांनी ती काढली. त्यातले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पलटणी वेगळ्या, तंबू वेगळे. वेगळी पंगत म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

अलास्कातल्या सैन्याचा प्रमुख जनरल सायमन बकनर याला हे सैनिक नकोच होते. त्याचे वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेले सेनापती. आपला आक्षेप त्याने लेखी नोंदवला आहे: युद्धानंतर हे लोक इथेच राहतील, स्थानिक आदिवासींशी संबंध जोडतील आणि मिश्र संतती जन्माला येईल. थोडक्यात, शत्रू जपानी असला तरी साहेबाला धास्ती होती ती सोयरिकीची! म्हणून या पलटणींना वस्तीपासून लांब, जंगलातच ठेवण्यात आलं.

काम कसं होतं? वरचं शेवाळ खरवडलं की खालची वर्षानुवर्षं गोठलेली जमीन वितळायची आणि यंत्रं चिखलात रुतायची. मग झाडं तोडून ओंडके आडवे अंथरायचे आणि त्यावरून रस्ता न्यायचा. ९५व्या रेजिमेंटची अवजड यंत्रं गोऱ्या पलटणीला दिली गेली. यांच्या हाती कुऱ्हाडी-फावडी उरली. त्याच रेजिमेंटच्या जवानांनी सिकानी चीफ नदीवर चार दिवसांच्या आत लाकडी पूल उभा केला. बर्फाच्या पाण्यात छातीभर उभं राहून, रात्री ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात. लवकर पूर्ण करू म्हणून त्यांनी आपल्या पगाराची पैजही लावली होती.

२५ ऑक्टोबर १९४२ रोजी बीव्हर क्रीकजवळ दोन बाजूंनी येणारे बुलडोझर समोरासमोर आले. एकावर कृष्णवर्णीय कॉर्पोरल रेफाइन्स सिम्स, दुसऱ्यावर गोरा शिपाई आल्फ्रेड जालुफ्का. दोघांनी हात मिळवले. तो फोटो गाजला, पण सैन्यातला भेद तसाच राहिला.

ज्यांच्या भूमीतून हा रस्ता गेला त्या आदिवासींनी वाटा दाखवल्या. बदल्यात त्यांच्या वस्त्यांत बाहेरून गोवरासारखे साथीचे रोग आले. त्यावर स्वतंत्र लेखच लिहायला हवा.

वॉटसन लेक इथे कार्ल लिंडली या घरची आठवण काढणाऱ्या गोऱ्या सैनिकाने १९४२ मध्ये आपल्या गावाच्या नावाची पाटी ठोकली. आज तिथे पाट्यांचं जंगल आहे. १९९२ मध्ये तो पत्नीला घेऊन ती जागा दाखवायला आला. छान गोष्ट आहे. पण ९५व्या पलटणीतल्या एखाद्या सैनिकाने बायकोला घेऊन इथे यायचं ठरवलं असतं, तर? रस्ता सामान्यांसाठी १९४८ मध्ये खुला झाला. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश ट्रुमन यांनी त्याच वर्षी काढला. तरीही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जोडप्याला लांबच्या प्रवासाआधी 'ग्रीन बुक' चाळावं लागे: कुठे खोली मिळेल, कुठे जेवण. ते पुस्तक १९६० च्या दशकातही छापलं जात होतं.

डेल्टा जंक्शनच्या अलीकडे गर्स्टल नदीवर एक लांब लोखंडी पूल आहे. १९९३ मध्ये त्याला कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मरणार्थ नाव देण्यात आलं. उत्तरेकडे निघालेल्या जोडप्यांना तो प्रवासाच्या अगदी शेवटी लागतो.