चुखाचा करार

करारनामा हाती आला की सह्यांआधी अटी वाचाव्यात, ही कामगार चळवळीत लागलेली माझी जुनी खोड. भूतानातील चुखा येथील वीजकेंद्राचा करार १९७४ साली भारताशी झाला. पैसा भारताचा, त्यातला ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के. भूतानची गरज भागून उरेल ती वीज भारताने विकत घ्यायची. सावकाराच्या वहीत असले कलम सापडायचे नाही!

वांगचू नदी तेथे मोठ्या जलाशयात कोंडलेली नाही. बंधाऱ्यापाशी पाणी वळवायचे, डोंगरातल्या बोगद्यातून नेऊन चारशे मीटरांहून अधिक खाली सोडायचे, आणि जनित्रे फिरवून झाली की पुन्हा नदीत. १९८६ ते १९८८ या काळात चारही जनित्रे, एकूण ३३६ मेगावॅटची, चालू झाली; १९९१ साली केंद्र भूतानच्या हाती आले. साठवण मात्र नाही. हिवाळ्यात नदी रोडावते, वीज घटते, आणि अलीकडे त्या दिवसांत भूतानच भारताकडून वीज घेतो.

हे बोगदे खणायला भारतातून मजुरांचे जथे गेले होते. खोदकाम पुरे झाल्यावर त्यांनी बिऱ्हाडे उचलली. वीज मागाहून आली.