क्षत्रप नाणी, ग्रीक धर्तीची

पश्चिम भारतातील शकवंशीय क्षत्रपांनी इंडो-ग्रीक द्रम्मांच्या अनुकरणाने पाडलेली चांदीची लहान, गोल नाणी. प्रतिष्ठित परकीय नाण्याचे अनुकरण प्राचीन काळी अन्यत्रही होत असे. यूरोपातील केल्ट टोळ्यांनी मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या सुवर्णनाण्यांवरील अपोलोचे मस्तक व रथ यांची नक्कल केली. कालांतराने त्या आकृत्यांचे रेषा व ठिपके यांत रूपांतर झाले.

इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच बंदरात मीनांदर व अपोलोडोटस या ग्रीक राजांचे जुने द्रम्म चलनात असल्याचा उल्लेख आहे. पैठण व तगर (धाराशिव जिल्ह्यातील तेर) येथील माल याच बंदरात येई. व्यापाऱ्यांचा विश्वास परिचित नाण्यावर असल्यामुळे क्षहरात नहपानाने तोच घाट स्वीकारला. त्याच्या नाण्यांच्या पुढील बाजूवर मुखवटा व ग्रीक लिपीतील लेख, तर मागील बाजूवर बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. तिन्ही लिप्यांतील मजकूर मात्र प्राकृत आहे.

नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या सु. १३,२५० नाण्यांचा निधी सापडला. त्यांपैकी दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने चैत्य व उज्जयिनी चिन्ह यांचे ठसे पुन्हा उमटविले आहेत. त्याच्या क्षहरातांवरील विजयाचा हा सबळ पुरावा होय. निधीतील मुखवट्यांच्या चेहरेपट्टीत मोठी तफावत असल्याने ते सर्व नहपानाचेच हुबेहूब चित्रण मानता येत नाही.

पुढे चष्टनाच्या वंशजांच्या नाण्यांवरील ग्रीक अक्षरे निरर्थक होऊन केवळ नक्षी उरली. तथापि या नाण्यांना निव्वळ अवनत नकला म्हणणे युक्त नाही. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुखवट्यामागे ब्राह्मी अंकांत शकवर्ष घालण्याची प्रथा पडली. प्राचीन भारतीय नाण्यांवर कालोल्लेख क्वचितच आढळत असल्यामुळे क्षत्रपांची वंशावळ व कालानुक्रम मुख्यतः या नाण्यांवरूनच ठरविता आला.

सातवाहनांनी मुखवट्याची चांदीची नाणी पाडली, ती याच प्रभावातून. क्षत्रपांनंतर गुप्त, त्रैकूटक व कलचुरी यांनीही हा घाट चालविला. कलचुरी कृष्णराजाचे (सहावे शतक) रूपक आठव्या शतकाच्या आरंभीही नासिक परिसरात चालत होते, असे अंजनेरी ताम्रपटावरून दिसते. ग्रीक सत्ता लोपल्यावरही तिच्या नाण्याचा घाट महाराष्ट्रात अशा प्रकारे कित्येक शतके टिकून राहिला.