बर्फ, शाळा आणि नाताळची रजा

रबाळ्याच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी; बर्फाशी इथला संबंध फार तर मासळीच्या पेटीपुरता. तरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कुटुंबं नाताळात मनाली-गुलमर्ग गाठतात आणि स्कीइंगची जागा हॉटेल नि देखावा बघून ठरवतात. माझ्या मते ती शिकवणारा कोण हे बघून ठरवावी, आणि आपल्याकडच्या स्कीइंगचा इतिहासही हेच सांगतो. गुलमर्गला १९२७ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला, तो साहेबांच्या हौसेखातर. खरं वळण आलं १९४८ मध्ये. काश्मीरची लढाई चालू असतानाच जनरल थिमय्यांनी गुलमर्गलाच सैनिकांसाठी स्की शाळा सुरू केली. आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच. मनालीची गिर्यारोहण संस्था १९६१ ची, तिचे स्कीचे वर्ग सोलांगला भरतात. औलीच्या उतारांवर इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे जवान तयार झाले. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, १९९८ चा आणि अफरवट शिखराकडे नेणारा त्याचा दुसरा टप्पा २००५ चा. थोडक्यात, शाळा आधी आली, सहलवाले मागाहून.

मराठी गिर्यारोहकांना हे मुळीच नवं नाही. मुंबईत १९५४ साली ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था उभी राहिली, आणि हिमालयात जायचं तर आधी बेसिक, मग ॲडव्हान्स कोर्स हा रिवाज इथे रुजला. रबाळ्याहून थोड्याच अंतरावर, बेलापूरला, प्रस्तरारोहणाच्या स्पर्धा भरतात. तिथे दोराची गाठ तपासल्याशिवाय कुणी कातळाला हात लावत नाही. स्कीइंग मात्र आपल्याकडे सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतून आलं. मनालीहून सोलांगला जाताना रस्त्याकडेच्या, क्रमांक रंगवलेल्या दुकानांतून भाड्याचा ओव्हरऑल आणि गमबूट घ्यायचे, वर अर्धा तास कुणीतरी मागून धरून ढकलणार, फोटो निघणार, झालं स्कीइंग! पडल्यावर पायातून स्की सुटावी म्हणून बूट स्कीला धरणारं बाइंडिंग वजन आणि तयारी बघून लावावं लागतं. वजन न विचारता स्की चढवणाऱ्याकडे गुडघा गहाण टाकू नये, हे माझं स्पष्ट मत.

यावर कुणी म्हणेल, दोन आठवड्यांच्या स्की कोर्सला रजा कोण देतो? रास्त आहे. पण हौशी माणसाने पहिले दोन-तीन दिवस सौम्य उतारावर प्रशिक्षकाबरोबर काढले तरी पुष्कळ: पडणं, उठणं, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग आवरणं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला हिमस्खलनात १७ जवान गेले, तेही प्रशिक्षणावर असताना. मग शिकून उपयोग काय? शिक्षणाने हिमस्खलन थांबत नाही, हे खरंच. पण ताज्या हिमवर्षावानंतर कुठल्या उतारावर पाऊल टाकायचं नाही, हे शिकल्यावाचून कळतही नाही. गोंडोलाचं तिकीट कुणालाही अफरवटकडे वर पोचवतं, खाली उतरण्याची लायकी देत नाही. बचावपथकाच्या गस्तीच्या हद्दीबाहेरचा, बर्फ दाबणारा रोलर न फिरलेला उतार नवशिक्याचा नव्हेच.

राहिला मुहूर्त. गुलमर्गचा भरवशाचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीचा, आणि तोही दरवर्षी नाही. २०२४ चा जानेवारी बराचसा कोरडाच गेला. तेव्हा नाताळची रजा राखून ठेवा, फेब्रुवारीत निघा आणि हॉटेलच्या आधी प्रशिक्षक ठरवा.