उस्मानियाचे क्रीडांगण आणि एक शिक्षक

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेले भीमपूर आज तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडते. १९५६ पूर्वी किनवट व राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते, आणि या साऱ्या मुलखाचे विद्यापीठ एकच : १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया. तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी विद्यार्थ्यास वर्गात परभाषेशी झगडावे लागे. क्रीडांगणावर मात्र तो अडसर नव्हता. या विद्यापीठाचा इतिहास लिहिताना आपण वर्गाचा विचार करतो व मैदान विसरतो. ती उणीव थोडीफार भरून काढणे, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

फुटबॉल आपल्याकडे आला तो पलटणींबरोबर. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. पण ती जिंकण्याचा मान भारतीय संघास मिळाला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्सच्या रूपाने. मधल्या काळात हा खेळ छावणीतून महाविद्यालयांत उतरत होता. सय्यद अब्दुल रहीम (१९०९–१९६३) हे याच काळात उस्मानियाच्या संघातून खेळले. पुढे आजी-माजी विद्यार्थ्यांच्या 'इलेव्हन हंटर्स' या संघातही ते होते.

पदवी घेऊन रहीम शिक्षक झाले. काचीगुडा, चादरघाट येथील शाळांतून त्यांनी अध्यापन केले, व शिक्षकाची दृष्टी ते मैदानावर घेऊन आले. खेळाडूचा एक पाय तरबेज आणि दुसरा केवळ आधारापुरता, हा दोष त्यांनी हेरला. त्यावर उपाय म्हणून केवळ दुबळ्या पायाने चेंडू मारण्याचे सामने त्यांनी भरविले. चेंडू उगाच उंच न भिरकावता जवळच्या गड्याकडे जमिनीलगत देण्याचा त्यांचा आग्रह असे. विद्यार्थ्याच्या कच्च्या विषयाकडे अधिक लक्ष देणारा अध्यापक जे करतो, तेच हे नव्हे काय?

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या वर्षी ड्युरँड व रोव्हर्स हे दोन्ही चषक या संघाने जिंकले, आणि १९५४ पर्यंत रोव्हर्सवरील ताबा सलग पाच वर्षे सोडला नाही. मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये (१९५६) रहीम यांनी घडविलेला भारतीय संघ चौथा आला. नूर महंमद, अझीझुद्दीन, बलराम हे हैदराबादचे गडी त्यात होते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईहून आला होता. १९६२ साली जकार्ता येथे भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले, तेव्हा रहीम कर्करोगाने ग्रासले होते. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले.

मेलबर्नचा तो विजय ज्या वर्षी लाभला, त्याच वर्षी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले. भीमपूर आंध्रात राहिले. भाषावार प्रांतांबरोबर इतिहासाचीही वाटणी झाली, आणि उर्दू विद्यापीठातून निघालेला हा वारसा मराठी लेखकांनी आपला मानला नाही. परंतु ज्या विद्यापीठाची पदवी आपल्या वडीलधाऱ्यांनी अभिमानाने मिरविली, त्याच्या मैदानावर आपला हक्क नाही असे कसे म्हणता येईल? शाळा-महाविद्यालयांच्या जुन्या दप्तरांत सामन्यांच्या नोंदी धूळ खात असतील, तर त्या उलगडण्याचे काम शिक्षकांनीच हाती घ्यावे. हा इतिहास घडविणाराही शिक्षकच होता.