मँचेस्टरची भाऊबंदकी

शत्रूच्या पराभवाचा आनंद आणि भाऊबंदाच्या पराभवाचा आनंद हे दोन अगदीं निराळे आनंद आहेत. शत्रू दूर असतो. त्याची हानि झाली म्हणजे माणूस एकदां समाधान पावतो व आपल्या उद्योगास लागतो. भाऊबंदाची गोष्ट तशी नाहीं. त्याच्या व आपल्या घराची भिंत एकच. त्याचें पीक बुडालें, त्याचा कारभारी नालायक निघाला, हें रोज दिसतें, रोज मोजतां येतें. आणि त्या कारभाऱ्यास त्यानें कधींच काढूं नये अशी इच्छाही मनांत बाळगतां येते. इंग्लंडांतील मँचेस्टर शहराच्या दोन फुटबॉल-संघांचा इतिहास हा या दुसऱ्या आनंदाचा इतिहास होय. हा आनंद कोठें जाऊन थांबतो, हें मात्र पाहाण्याजोगें आहे.

मुळांत दोघेही साध्या कुळांतले. न्यूटन हीथ येथील रेल्वे-कामगारांनीं 1878 सालीं काढलेल्या संघानें 1902 सालीं मँचेस्टर युनायटेड हें नांव घेतलें. मँचेस्टर सिटीचें मूळ 1880 सालच्या एका चर्चच्या संघांत असून आजचें नांव त्यास 1894 सालीं मिळालें. आरंभीं दोघांत देवघेवही बरीच होती. नियमबाह्य पैसे दिल्यावरून 1906 सालीं सिटीच्या सतरा खेळाडूंस त्या संघाकडून खेळण्याची बंदी झाली, तेव्हां बिली मेरेडिथ व आणखी तिघे युनायटेडनें आपल्याकडे घेतले आणि 1908 सालीं प्रथमच लीग जिंकली. 1934 सालीं सिटीकडून खेळून एफ. ए. कप जिंकणारे मॅट बझ्बी हेच 1945 सालीं युनायटेडचे मॅनेजर झाले. जर्मन बाँबांनीं 1941 सालीं युनायटेडचें ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त केलें, तेव्हां 1949 पर्यंत त्याचे सामने सिटीच्या मेन रोड मैदानावर होत. एकाच्या अंगणांत दुसऱ्याचें कार्य व्हावें, असा तो काळ होता.

पुढें दोन्ही घरीं वैभव आलें आणि त्याबरोबर मत्सरही आला. 1968 च्या मे महिन्यांत सिटीनें लीग जिंकली व युनायटेड दुसरा आला. अठरा दिवसांनीं युनायटेडनें युरोपियन कप जिंकून सिटीचें यश झांकून टाकलें. पण अवघ्या सहा वर्षांत चक्र फिरलें. 27 एप्रिल 1974 रोजीं ओल्ड ट्रॅफर्डवर दोघे समोरासमोर आले, तेव्हां युनायटेड दुसऱ्या वर्गांत घसरण्याच्या बेतांत होता. शेवटच्या कांहीं मिनिटांत सिटीच्या डेनिस लॉ यानें टांचेनें चेंडू मारून गोल केला. हा लॉ अकरा वर्षें युनायटेडचा लाडका होता. मॅनेजर टॉमी डॉकर्टी यांनीं त्यास आदल्याच वर्षीं मोकळें केलें होतें. आपण जुन्या घरास खालीं लोटलें असें वाटून तो हंसला देखील नाहीं. मान खालीं घालून मैदानाबाहेर गेला. वस्तुतः त्याच दिवशीं बर्मिंगहॅमनें आपला सामना जिंकल्यामुळें युनायटेडची अधोगति तशीही टळली नसती. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली; परंतु सिटीच्या लोकांनीं कावळ्यासच फांदी मोडल्याचें श्रेय दिलें, आणि ती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. डॉकर्टींस मात्र युनायटेडनें काढलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं संघ वर आला व 1977 सालीं त्यानें एफ. ए. कप जिंकला.

पडत्या संघाचा मॅनेजर हा प्रतिपक्षाच्या थट्टेचा ठरलेला मानकरी असतो. खेळाडू अकरा, अकरांस हंसणें अवघड. मॅनेजर एकटा, आणि खेळाडू निवडणें, विकत घेणें, डाव आंखणें हीं सर्व कामें त्याचीं; म्हणून सगळें हंसें त्याच्या वाट्यास येतें. 23 सप्टेंबर 1989 रोजीं नुकताच वरच्या वर्गांत परतलेल्या सिटीनें युनायटेडचा पांच विरुद्ध एक असा फडशा पाडला. युनायटेडचे मॅनेजर अलेक्स फर्ग्युसन यांस येऊन तीन वर्षें होत आलीं होतीं व हातीं कांहींच लागलें नव्हतें. शेजारी हंसत होतेच. त्या हिवाळ्यांत स्वतःच्या पाठीराख्यांनींही त्यांस निरोप देणारें फलक आणलें. चालकांनीं ऐकलें नाहीं. 1990 सालीं फर्ग्युसन यांनीं एफ. ए. कप जिंकला आणि 2013 सालीं निवृत्त होईपर्यंत तेरा वेळां लीग! त्या दिवशींचें सिटीचें हंसणें खरेंच होतें, पण त्या हंसण्यांतलें भविष्य साफ खोटें ठरलें.

आतां हंसण्याची पाळी दुसऱ्या घराची आली. 1999 च्या मे महिन्यांत युनायटेडनें युरोपचा चषक जिंकला. चारच दिवसांनीं सिटी तिसऱ्या वर्गांतून वर येण्यासाठीं झगडत होता. युनायटेडच्या मैदानांत एक फलक टांगलेला असे. सिटीस शेवटचें मोठें पारितोषिक मिळालें 1976 सालीं. त्यास किती वर्षें लोटलीं तो आंकडा त्यावर असे, आणि दरसाल तो बदलत असे. सावकाराची वही तरी याहून काय वेगळी असते! 14 मे 2011 रोजीं सिटीनें एफ. ए. कप जिंकला आणि तो फलक उतरला. मग फर्ग्युसन यांच्या मागून आलेल्या डेव्हिड मॉइज यांच्या कारकीर्दींत युनायटेडचीच घसरण झाली. विरोधी पाठीराखे त्यांची स्तुति गात. उद्देश हा, कीं असा मॅनेजर त्यांनीं कधींच सोडूं नये. सहा वर्षांचा करार दहा महिन्यांत, एप्रिल 2014 मध्यें, संपला. त्या वर्षीं युनायटेड सातवा आला व लीग सिटीनें जिंकली.

येथवर सारें खेळाचें हंसणें. परंतु या हंसण्यास एक काळी किनार होती. 6 फेब्रुवारी 1958 रोजीं म्युनिक येथें युनायटेडचें विमान कोसळून तेवीस माणसें मेलीं. त्यांत आठ तरुण खेळाडू होते. पुढें कांहीं विरोधी पाठीराखे, त्यांत सिटीचेही कांहीं जण, त्या मृत्यूंवर गाणीं रचून म्हणूं लागले. मृतांमध्यें फ्रँक स्विफ्ट हा सिटीचाच जुना गोलरक्षक, वार्ताहर म्हणून गेलेला, होता याचीही त्यांस आठवण राहिली नाहीं.

या अपघातास पन्नास वर्षें झालीं त्या आठवड्यांत, 10 फेब्रुवारी 2008 रोजीं, ओल्ड ट्रॅफर्डवर नेमका सिटीशींच सामना आला. सिटीचे लोक स्तब्धता मोडतील अशी भीति सर्वत्र होती. मिनिट आलें. हजारों माणसांच्या त्या मैदानांत सिटीच्या बाजूनें ब्रही निघाला नाहीं. मग शिट्टी वाजली, आरडाओरड सुरू झाली, आणि सिटीनें तो सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. 1974 नंतर त्या मैदानावर लीगमध्यें त्यानें मिळविलेला तो पहिला विजय. त्यानंतर तो विजय सिटीनें यथेच्छ मिरविला, आणि तें रास्तच होतें.

आपल्याकडे बांधावरून कोर्टापर्यंत गेलेले भाऊबंदही एकमेकांचें सुतक पाळतात. तेरा दिवस गेले कीं तारीख पुन्हां चालू होते. शेजाऱ्याच्या कारभाऱ्यास हंसावें, त्याच्या पराभवाचीं वर्षें मोजावींत. त्यांत पाप नाहीं, आणि उद्यां तोही आपलीं मोजणारच आहे. मात्र ज्यास सुतकाचें मिनिट पाळतां येत नाहीं, त्यास भाऊबंद म्हणवून भांडण्याचाही अधिकार उरत नाहीं.