ओलं फडकं

आमच्या लहानपणी पनवेलहून पुण्याला जायचं म्हणजे सामानात तीन गोष्टी हमखास असायच्या. चिवड्याचा डबा, पाण्याचा कॅन आणि एक जुनं फडकं. खोपोली आली की नाना गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे, फडकं पाण्यात बुडवून पिळायचे आणि इंजिनाच्या अंगाला असलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळायचे. मग घाट. वर शिंगरोबाच्या देवळाशी पैसे टाकायचे, हात जोडायचे. बोरघाटाची वाट इंग्रजांना ज्या धनगराने दाखवली अशी दंतकथा आहे, त्याचं ते देऊळ. मला बरीच वर्षं वाटायचं की फडकं हाही त्याच पूजेचा भाग असावा!

गाडी म्हणजे अर्थातच फियाट. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, १९८५ ची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. १९६४ मध्ये ती ११०० डिलाइट होती, १९७४ पासून पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं. नानांनी नंबर लावून, वाट बघून ती घेतली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ साली निवृत्त झाली तेव्हा नानांनी पेपरातली ती बातमी कापून ठेवली. आमची मात्र अजून आहे.

आहे म्हणजे, मध्यंतरी जायच्या बेतात होती. पंप थकला. मूळ पंप मिळेना, म्हणून एका फिटरने इलेक्ट्रिक पंप बसवला, इंजेक्शनच्या गाडीचा. त्याचा दाब जास्त, म्हणून सोबत बाजारातला एक चकचकीत प्रेशर रेग्युलेटर, वर स्क्रू आणि घड्याळासारखा गेज. दिसायला फार छान. नाना एवढंच म्हणाले, "पंप कशाला बदललात रे?" आम्ही लक्ष दिलं नाही.

आठवड्याभरात तक्रारी सुरू. उभ्या गाडीला पेट्रोलचा वास. मागून काळा धूर. गरम गाडी बंद केली की पुन्हा सुरू होईना. ॲव्हरेजचं तर बोलायलाच नको. दादा म्हणाला, "भंगारात देऊन टाकू. उगाच एखाद दिवशी पेट घेईल." त्याचं चूक नव्हतं. पण नानांना एकदा घाट चढून वर जायचं होतं. वय ८४. "पुढच्या वर्षी बघू" असं त्यांना म्हणायची माझी हिंमत नव्हती.

मी काही मेकॅनिक नव्हे. पण इतिहासाच्या पुस्तकांची सवय असल्यामुळे कुठलंही भांडण मुळापासून वाचायची खोड आहे. तेच इथे केलं.

सुरुवातीच्या गाड्यांत पेट्रोलला दाब असा नव्हताच. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनाकडे यायचं. टाकीत पेट्रोल कमी असलं की तीव्र चढावर ते पोचायचंच नाही, म्हणून लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. बोरघाटात असं दृश्य दिसलं असेल का, याची कल्पना करून मला हसू आलं. पुढे टाकी मागे गेली आणि पेट्रोल ओढून आणायला इंजिनावर चालणारा पंप आला. पण हा पंप बसवलेला गरम इंजिनावर, आणि काम ओढायचं. ओढताना दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं, पंपात वाफ धरते आणि घाटात गाडी मान टाकते. त्यावरचा उपाय म्हणजे ओलं फडकं. पूजा वगैरे काही नव्हती, शुद्ध भौतिकशास्त्र होतं!

मग इंजेक्शन आलं. बॉशची इलेक्ट्रॉनिक पद्धत १९६७ मध्ये फोक्सवॅगनवर बसली. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम २००० च्या सुमारास कडक झाले तशी कार्बोरेटरची सद्दी संपत गेली. इंजेक्शनला साधारण ४० पौंड दाब लागतो. (टायरच्या हवेचे असतात तेच पौंड.) पंप पेट्रोल ढकलतो, जास्तीचं रेग्युलेटरमधून टाकीत परत जातं. कार्बोरेटरला मात्र तीन-चार पौंड पुरतात. त्याहून फार जास्त झाले की आतली फ्लोटची सुई दाबाला थोपवू शकत नाही, पेट्रोल ओसंडतं. आमची लक्षणं नेमकी हीच होती.

एका रविवारी दुसऱ्या, वयस्क मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी बिडी आधी फाटकाबाहेर टाकली, हात धुतले आणि डिपस्टिक काढून वास घेतला. ऑइलची पातळी खुणेच्या वर, आणि वास पेट्रोलचा. "ही घाटात नेली असती तर बेअरिंग गेलं असतं," ते म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या रविवारीच निघायचं ठरलं होतं आमचं.

मग रेग्युलेटर. त्याचा व्हॅक्यूमचा पाइप काढून पाहिला, कोरडा होता. म्हणजे आतला पडदा फाटलेला नाही. स्क्रू पूर्ण सैल केला, तरी ओसंडणं थांबेना. मग परतीचा पाइप काढून कॅनमध्ये सोडला. पाइप तुंबला असता तर आता दाब उतरायला हवा होता. उतरला नाही. गेजवर काटा खाली होता हे खरं, पण तो गेज होता शंभर पौंडांचा आणि त्यावर पहिला आकडाच २०! "थोडासाच तर आहे" असं आम्ही समजत होतो. मिस्त्रींनी आपला १५ पौंडांचा छोटा गेज लावला. काटा १२ वर. रेग्युलेटर बिघडलेला नव्हताच. तो इंजेक्शनसाठी केलेला, त्याच्या स्प्रिंगला याहून खाली येणं माहीतच नव्हतं.

"मग कार्बोरेटरसाठीचा रेग्युलेटर आणू का?" मी विचारलं.

मिस्त्रींनी डिकीतला जुना पंप हातात घेतला, उघडला आणि पडद्याखालची स्प्रिंग दाखवली. इंजिन फक्त पडदा खाली ओढतं, पेट्रोल वर ढकलते ती ही स्प्रिंग. फ्लोटची सुई बंद झाली की पडदा खालीच थांबतो. म्हणजे दाब ठरवते ती स्प्रिंगच. "रेग्युलेटर यातच आहे हो. नाना बरोबर सांगत होते."

नवा पडदा आणि वॉशर शोधून आणले. इथेनॉलला टिकणारे, हे आवर्जून विचारून घेतलं, कारण महाराष्ट्रात २००३ पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागले आणि आता ते २० टक्क्यांपर्यंत गेलं आहे. जुनं रबर त्याने फुगतं. पेट्रोलचे रबरी पाइप, ऑइल, फिल्टर, सगळं बदललं. चकचकीत रेग्युलेटर आता माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

पहाटे पाचला निघालो. नाना पुढे, दादा मागे (कुरकुरत). खोपोलीला मी थांबलो नाही, तर नानांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी पिशवीतून फडकं काढलं. हात थरथरत होते, म्हणून पाण्यात बुडवून मी पिळलं आणि त्यांनी गुंडाळलं.

शिंगरोबाशी पोचेपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. पंपामुळे की फडक्यामुळे, ते मी विचारलं नाही.